चार हजार पाचशे, दर तीन महिन्यांनी

चौकोन दोन होते आणि खूण एकातच करायची होती. काम एवढंच. पण दहा वर्षांपूर्वी बँकेच्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या दशांशरावांनी ती एक खूण करायला पंचवीस मिनिटं घेतली. मागे रांगेत उभ्या असलेल्या लोकांनी त्या वेळी जे उद्गार काढले ते इथे देण्यासारखे नाहीत.

दशांशराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. ते एका कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. भरलेला ट्रक काट्यावर चढला की वजन घ्यायचं, रिकामा होऊन आला की पुन्हा घ्यायचं, वजाबाकी करायची आणि पावती फाडायची. जाताना ड्रायव्हर गाडीत असेल आणि येताना खाली उतरला असेल, तर दशांशराव त्याला परत वर चढायला लावत. एकदा एका ड्रायव्हरने मधल्या वेळेत जेवण केलं म्हणून त्यांनी त्याचं वजन पुन्हा घ्यायचा विचार बोलून दाखवला होता. (ड्रायव्हरनेही काहीतरी बोलून दाखवलं, आणि तो विचार मागे पडला.) कुणी किती वाजले विचारलं तरी हा माणूस सेकंद सांगणार. तेव्हा हे नाव त्यांना चिकटलं, आणि घरापर्यंत पोचलं.

तर फॉर्मवर प्रश्न होता: व्याज केव्हा द्यावे? एका चौकोनापुढे लिहिलं होतं, दर तिमाहीला. दुसऱ्यापुढे, मुदत संपल्यावर. तुम्ही-आम्ही असतो तर शेजारच्या माणसाला विचारलं असतं आणि मोकळे झालो असतो. दशांशरावांची पंचाईत अशी, की त्यांना चक्रवाढ व्याजाचं सूत्र पाठ होतं. वर्षातून एकदा व्याज धरण्यापेक्षा दर तीन महिन्यांनी धरलं तर रक्कम जास्त वाढते, हे त्यांना शाळेपासून ठाऊक होतं. आता मुदत संपल्यावर व्याज घ्यायचं, म्हणजे दहा वर्षांत ते एकदाच मिळणार, आणि मग व्याजावर व्याज चढणार कधी? असल्या चौकोनात खुणा करणारी माणसं पुढे आयुष्यभर दैवाला दोष देत बसतात, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी 'दर तिमाहीला'च्या चौकोनात ठसठशीत खूण केली आणि ती वरून आणखी एकदा गिरवली.

काउंटरवरच्या माणसाने विचारलंसुद्धा, "दर तिमाहीला व्याज पाहिजे ना, साहेब? नक्की?"

"अर्थात!" दशांशराव म्हणाले. त्या 'अर्थात'मध्ये त्या बिचाऱ्याच्या शिक्षणाविषयी बरीच कीव होती.

ठेव दोन लाखांची, दहा वर्षांची, नऊ टक्क्यांची. त्यातला पाव टक्का बायकोचं नाव पहिलं टाकल्यामुळे मिळालेला होता, कारण बँक बायकांना पाव टक्का जास्त द्यायची. लग्नानंतर बायकोचं नाव आपल्या आधी आलेलं त्यांना पहिल्यांदाच चाललं. पहिलं नाव तिचं, म्हणून तिच्या नावाने एक बचत खातंही उघडावं लागलं. त्याचं पासबुक आणि कार्ड त्यांनी घरी येऊन तिच्या पुढ्यात ठेवलं. "यात काही येणार नाहीये," ते म्हणाले, "पण हरवू नकोस."

त्या रात्री त्यांनी एका लांबट वहीत चाळीस ओळी आखल्या. चाळीस तिमाह्या. प्रत्येक ओळीत सव्वादोन टक्के, मग नवी मुद्दल, त्यावर पुन्हा सव्वादोन टक्के. शेवटच्या ओळीत आकडा आला चार लाख सत्याऐंशी हजार सदतीस रुपये एकोणऐंशी पैसे. तो आकडा त्यांनी लाल पेनाने चौकटीत टाकला, आणि पुढची दहा वर्षं दर तीन महिन्यांनी त्या त्या ओळीपुढे बरोबरची खूण करत राहिले. बँकेत जाऊन बघावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही. आपलं उत्तर बरोबर असताना दुसऱ्याची वही कशाला बघायची!

आता घरखर्चाचं. ठेवीतला पैसा वाढायचा तर बाहेरचा पैसा गळता कामा नये, या तत्त्वाने त्यांनी बायकोला महिन्याला आठ हजार बांधून दिले. ती म्हणाली, साडेआठ करा. ते नाही म्हणाले. त्यावरून घरात चार दिवस इतकं वाजलं की मुलगी अभ्यासाला मैत्रिणीकडे जाऊन बसली. शेवटी आठच ठरले, आणि पुढची दहा वर्षं आठच राहिले. वजनकाट्यावर चहा पिताना दशांशराव याचं व्याख्यान देत. "दहा वर्षं! एक रुपया वाढवलेला नाही. आणि घरात काही कमी आहे का? विचारा आमच्या घरी. नियोजन लागतं, नियोजन!" ऐकणारे घरी जाऊन आपापल्या बायकांना हे सांगत, आणि त्यामुळे दशांशरावांचं नाव बऱ्याच स्वयंपाकघरांमध्ये वाईट अर्थाने घेतलं जाई.

गेटवरच्या वॉचमनलाही त्यांनी त्याच्या ठेवीसाठी तोच चौकोन सुचवला होता. तो मात्र दर तीन महिन्यांनी त्यांना आठवणीने सलाम ठोकायचा. "साहेब, तुमच्यामुळे हातात चार पैसे येतात." दशांशरावांना वाटे, गरीब माणूस आहे, पण चक्रवाढ समजलीय. त्याच्या हातात पैसे येतातच कसे, हा प्रश्न तेव्हा त्यांना पडला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि एका बाईची दोन वर्षं वाचली असती.

ती दोन वर्षं सांगायलाच हवीत.

आठवं वर्ष संपता संपता बायकोचा उजवा खुबा दुखायला लागला. आधी जिना चढताना, मग उतरताना, मग नुसतं कुशीवर वळताना. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून दाखवला. सांधा पार झिजला होता. बदलावा लागेल, ते म्हणाले, आणि खर्च सांगितला: दोन लाख दहा हजार.

दशांशरावांनी घरी येऊन वही उघडली. ठेव आत्ता मोडली तर बँक एक टक्का कापणार. त्यांनी मांडून बघितलं. नुकसान तीस हजार सातशे बारा रुपये.

"तीस हजार सातशे बारा," ते म्हणाले. "पाण्यात."

बायको पलंगाच्या कडेला बसून पाय चेपत होती. "मग?"

"दोनच वर्षं राहिलीत. तोवर कळ काढ. मग पावणेपाच लाखांच्या वर येतील. ऑपरेशन करू, वर खोली रंगवू."

"दोन वर्षं?"

"आठ तिमाह्या," ते म्हणाले. असं म्हटलं की कमी वाटतं, असा त्यांचा समज.

तिने कळ काढली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लिफ्ट नाही. भाजीची पिशवी ती एकेक पायरी वर ठेवायची, मग कठडा धरून स्वतः चढायची, मग पुन्हा पिशवी. काठी आली. रात्री ती झोपेत कण्हायची आणि सकाळी विचारलं तर म्हणायची, "मी? नाही बाई." एकदा भांडी घासताना ती ओट्याला कपाळ टेकून उभी असलेली दशांशरावांना दिसली. ते आत गेले, वही काढली, किती ओळी राहिल्या ते मोजलं आणि त्यांना बरं वाटलं. तिला बरं वाटायला त्याचा काही उपयोग नव्हता, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मुदत संपल्याच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत गेले. काउंटरवर आता एक तरुण मुलगी होती. तिने पावती घेतली, कॉम्प्युटरवर काहीतरी बडवलं आणि म्हणाली, "दोन लाख, काका. खात्यात टाकू?"

"दोन लाख कसले? चार लाख सत्याऐंशी हजार सदतीस. एकोणऐंशी पैसे सोडून दिले तुम्हाला."

"मुद्दल दोन लाख आहे."

"आणि व्याज?"

"ते तर दिलेलं आहे ना. दर तिमाहीला चार हजार पाचशे. चाळीस वेळा. एक लाख ऐंशी हजार." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. "काकूंच्या बचत खात्यात जमा होतंय, पहिल्यापासून. तुम्हीच तसं निवडलंय."

"पण मी ते चक्रवाढीसाठी निवडलं होतं!"

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. ती स्वभावाने चांगली असावी, कारण ती हसली नाही. "काका, व्याज बाहेर काढून घेतलं तर ते आत वाढणार कसं? मुदत संपल्यावर घ्यायचं म्हटलं असतंत तर आतल्या आत दर तिमाहीला चढत गेलं असतं. तो दुसरा चौकोन चक्रवाढीचा होता."

दशांशराव खुर्चीवर बसले. खुर्ची त्यांची नव्हती. ज्याची होती त्याने ती सोडून दिली, असा त्यांचा चेहरा झाला होता.

घरापर्यंतच्या रस्त्यात त्यांच्या डोक्यात पहिला विचार काय यावा? चूक झाली, हा? छे! पहिला विचार आला की बायकोने एक लाख ऐंशी हजार रुपये दहा वर्षं गिळले आणि ढेकरसुद्धा दिला नाही. जिना चढताना त्यांनी मनात प्रश्नांची रांग लावली. पहिल्याच प्रश्नाला ती रडेल, दुसऱ्याला कबूल करेल, असा अंदाज होता.

दार तिनेच उघडलं. "आलात? मिळाले?"

"आधी मला सांग," दशांशराव म्हणाले, "तुझ्या खात्यात दर तीन महिन्यांनी चार हजार पाचशे येत होते?"

ती भिंतीला हात धरून उभी राहिली. चेहऱ्यावर चोरी पकडल्यासारखं काहीच नव्हतं. उलट ती चक्क लाजली. बावन्न वर्षांची बाई, एका हातात काठी, आणि लाजली.

"बोललात शेवटी," ती म्हणाली. "मला वाटलं, मरेपर्यंत बोलणार नाही."

"काय बोललो?"

"साडेआठ हजारांवरून आपलं एवढं वाजलं होतं, आठवतंय? त्यानंतर तीनच महिन्यांनी पहिल्यांदा आले. फोनवर मेसेज आला, चार हजार पाचशे जमा, एवढाच. मी मुलीला विचारलं, हे कुणी टाकले गं? ती म्हणाली, बाबांशिवाय कोण टाकणार! तोंडानं नाही म्हणतील, आणि मागनं गुपचूप टाकतील."

दशांशरावांनी एक चप्पल काढली, दुसरी तशीच पायात राहिली.

"मी कधी बोलले नाही," ती म्हणाली. "म्हटलं, लपवतायत तर लपवू द्यावं. बोलले तर लाजतील आणि बंद करतील. पण तुम्हाला सांगते, त्या पैशांपेक्षा... किती वेळा वाटायचं, हा माणूस दगड आहे, सोडून जावं. आणि मग मेसेज यायचा."

या ठिकाणी एखाद्या सरळ माणसाने खरं सांगितलं असतं. दशांशराव सरळ होते, पण फक्त काट्यावर. लग्न होऊन एकतीस वर्षं झाली होती, आणि बायकोने आपल्याकडे असं कधी बघितल्याचं त्यांना आठवणीत कुठे सापडेना. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली, खांदे थोडे उडवले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं!"

पुढचे दोन दिवस त्यांचे फार सुखात गेले आणि फार वाईट गेले. मुलीचा फोन आला. "बाबा, आईनं सांगितलं. तुम्ही इतके चांगले आहात हे आधी का नाही हो कळू दिलंत?" बायको काठी टेकत टेकत त्यांना चहा आणून देऊ लागली. ती पायाखाली उशी घेऊन पडायची आणि मधूनच आपणहून हसायची. दशांशरावांना हे बघवत नव्हतं, आणि थांबावं असंही वाटत नव्हतं.

"पण ठेवीचे पैसे कधी मिळणार?" तिने तिसऱ्या दिवशी विचारलं. "डॉक्टर म्हणालेत सोमवारपर्यंत भरा."

डॉक्टर आणखीही काही म्हणाले होते. दोन वर्षं सगळा भार डावीकडे पडल्याने आता डावा खुबाही गेला होता. उजव्याचाच खर्च तीन लाख चाळीस हजारांवर पोचला होता. डाव्याचं नंतर बघू, असं ते म्हणाले, आणि नंतर म्हणजे कधी हे कुणी विचारलं नाही.

"बँकेनं घोळ घातलाय," दशांशराव म्हणाले. "व्याज लावलंच नाहीये. दोनच लाख म्हणतात."

"लावलंच नाही? दहा वर्षांचं?"

"मी बघतो. अर्ज करतो."

"तुम्ही काय बघणार! तुमच्याच्यानं भांडण होत नाही." ती उठली. "चला. मी येते."

"अगं, तीन मजले!"

"दोन वर्षं चढउतर करतेच आहे ना?"

ती बसत बसत तीन मजले उतरली. प्रत्येक वळणावर तिच्या कपाळावर घाम जमत होता आणि दशांशराव वरच्या पायरीवर पाण्याची बाटली घेऊन उभे राहत होते. प्रत्येक वळणावर त्यांनी ठरवलं की आता सांगायचंच. तळमजला आला तेव्हा ठरवण्यासारखी वळणं उरली नव्हती. मग रिक्षा, मग बँकेच्या पाच पायऱ्या.

काउंटरवर तीच मुलगी होती. तिने दशांशरावांना ओळखलं. त्यांनी बायकोच्या मागे उभं राहून तिला डोळ्यांनी, भुवयांनी आणि शेवटी दोन्ही हातांनी खुणा केल्या. मुलीला वाटलं, काकांना बरं वाटत नाहीये. तिने त्यांच्यासाठी पाणी मागवलं.

"पाणी राहू द्या," बायको म्हणाली. "आमचं व्याज कुठंय ते सांगा. ह्यांचा हिशेब एका पैशानं चुकत नाही. ह्या माणसानं दहा वर्षं वहीत लिहून ठेवलंय. आणि तुम्ही म्हणता दोन लाख? तुम्हाला माहितीये का हा कसला माणूस आहे? मला कळू न देता दर तीन महिन्यांनी माझ्या खात्यात चार हजार पाचशे टाकत होता! स्वतःच्या पगारातनं! एकदाही चुकले नाहीत. अशा माणसाला फसवता तुम्ही?"

सगळी बँक ऐकत होती. कॅशियरने नोटा मोजायच्या थांबवल्या. एक म्हातारे गृहस्थ दशांशरावांकडे अत्यंत आदराने बघू लागले.

मुलीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा पडद्याकडे. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, ते चार हजार पाचशे हेच व्याज आहे."

"कुठलं व्याज?"

"ठेवीचं. दोन लाखांवर तिमाहीला साडेचार हजारच होतात. ते आपोआप जातात. कुणी टाकायला लागत नाही." तिने दहा वर्षांपूर्वीचा फॉर्म पुढे सरकवला. खूण अजून ठसठशीत होती. "काकांनी हा चौकोन निवडला होता. त्यांना वाटलं..."

"कळलं," बायको म्हणाली.

तिने फॉर्म हातात घेऊन पूर्ण वाचला, खालच्या बारीक अक्षरासकट. मग ती बँकेतल्या बाकावर जाऊन बसली. दशांशराव तिच्या शेजारी बसले, मध्ये एका माणसाची जागा सोडून. म्हातारे गृहस्थ दुसरीकडे बघू लागले.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही कधीच नाही टाकले?"

"नाही."

"एकदासुद्धा?"

हिशेबाची चूक कबूल करायला त्यांना कष्ट पडले नसते. हे त्याहून जड होतं. "एकदासुद्धा नाही," ते म्हणाले.

तिने मान हलवली. "मला कळायला पाहिजे होतं. दर वेळी वेळेवर यायचे. माणसानं टाकलेले एखाद वेळी तरी मागेपुढे होतात."

दशांशरावांनी विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलंच. "त्यातले... काही उरलेत?"

"चारशे साठ."

"एक लाख ऐंशी हजारांतले?"

तिने पहिल्यांदा त्यांच्याकडे वळून बघितलं. "आठ हजारांत दहा वर्षं घर चाललं, असं वाटतंय तुम्हाला? दूध तेव्हा कितीला होतं, आज कितीला आहे? तेल? गॅस? मुलीच्या कोर्सची फी तुम्ही अर्धी दिलीत. बाकीची कुणी भरली? व्याजावर व्याज चढतं ते तुम्हाला पैशापर्यंत कळतं. भावावर भाव चढतो ते नाही कळलं?"

दशांशरावांनी खिशातलं पेन काढलं आणि परत ठेवलं.

"आणि तुमची कवळी."

"कवळीचं काय? ती मी घासाघीस करून सहा हजारांत..."

"अकरा हजारांची होती. दातांचे डॉक्टर मला म्हणाले, काकू, हे तास झाला बसलेत, पेशंट खोळंबलेत. मी पाच हजार दिले आणि म्हटलं, त्यांना हो म्हणा."

त्या कवळीच्या घासाघिशीवर दशांशरावांनी वजनकाट्यावर सहा वर्षं व्याख्यानं दिली होती. आता ती कवळी त्यांना तोंडात नकोशी झाली. आणि डोकं मात्र, मेलं, आपलं काम करतच होतं. दोन वर्षांपूर्वी ठेव मोडली असती तर आलेल्या पैशात पंचवीस-तीस हजार घालून ऑपरेशन झालं असतं. डावा खुबा शाबूत राहिला असता. तीस हजार सातशे बारा वाचवायला ते थांबले होते. भागिले सातशे तीस दिवस. बेचाळीस रुपये सात पैसे. दिवसाला बेचाळीस रुपयांसाठी त्यांनी तिला दोन वर्षं त्या जिन्यावरून चढवलं-उतरवलं होतं, आणि ते बेचाळीस रुपयेही मुळात नव्हतेच. बँकेत, सगळ्यांच्या देखत, दशांशरावांना रडू आलं.

"पुरे," बायको म्हणाली. "रिक्षा बघा. मला आता चालवत नाही."

रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. जिना चढायला त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं लागली. मधल्या मजल्यावर दशांशरावांनी आधाराला हात पुढे केला. तिने तो बघितला आणि कठडा धरला.

पैसे जमले ते असे. दोन लाख ठेवीचे. मुलीने जुनी गाडी घ्यायला साठवलेले साठ हजार दिले आणि वडिलांशी फोनवर फक्त "खाते नंबर सांगा" एवढंच बोलली. बाकीच्याला डॉक्टरांनी मार्ग काढला: वेगळी खोली नको, सगळ्यांच्या वॉर्डात एक खाट, आणि सांधा स्वस्तातला. "स्वस्तातला किती वर्षं टिकतो?" दशांशरावांनी विचारलं. डॉक्टरांनी आकडा सांगितला. दशांशरावांनी बायकोचं वय त्यात मिळवलं आणि पुढे काही विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला चाकांच्या खाटेवर घेतलं. हिरवा झगा, डोक्याला टोपी, हातातल्या बांगड्या काढलेल्या. ती फार लहान दिसत होती. दशांशराव खाटेबरोबर चालत होते. गेले तीन आठवडे तिने त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं होतं, आणि आत जाण्याआधी तिच्याकडून एक शब्द तरी यावा म्हणून हा माणूस रात्रभर वॉर्डाच्या बाहेर फेऱ्या घालत होता.

"ऐक ना," ते म्हणाले. "मी काल तुझ्या खात्यात चार हजार पाचशे टाकले. मी. माझ्या पगारातले."

तिने मान वळवली.

"बँकेत जाऊन. हातानं स्लिप भरून."

"का?"

"टाकावेसे वाटले. घरखर्चाचे वेगळे. ते पण वाढवणार आहे. पण हे तुझे. कशालाही."

खाट ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी थांबली. तिने चादरीखालून हात बाहेर काढला आणि त्यांच्या मनगटावर ठेवला. हात गार होता.

"दर तीन महिन्यांनी टाकणार?" तिने विचारलं.

"दर तीन महिन्यांनी."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय! वेळेवर. आणि तू मध्ये काढले नाहीस ना," दशांशराव डोळे पुसत म्हणाले, "नुसते राहू दिलेस ना, तर बघ, सव्वादोन टक्क्यांनी, चाळीस तिमाह्यांनी त्याचे..."

तिने हात काढून घेतला.

"सिस्टर," ती म्हणाली, "भूल इथेच देता येते का हो?"